संबंध किती मिलिमीटरचा?

आळंदीत दाट तिथीच्या दिवशी एका कार्यालयातली मंगलाष्टकं शेजारच्या कार्यालयातल्या माइकमध्ये शिरतात. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, जुन्या धर्मशाळांत, नव्यानं उभ्या राहिलेल्या हॉलांत एकाच मुहूर्तावर कितीतरी अंतरपाट धरलेले असतात. अशाच एखाद्या अंतरपाटाच्या कडेला व्हिडिओवाला उभा असतो. शेवटचं कडवं सुरू झालं हे त्याला भटजींच्या सुरावरून कळतं. आतापर्यंत त्यानं वाइड लेन्सवर सगळा मांडव टिपला. आता त्याला नवरीचे डोळे हवे असतात. कॅमेऱ्याच्या तोंडात अक्षता नि हळद जाऊ नये म्हणून तो कॅमेरा छातीशी धरून खाली वळवतो, अंगठ्यानं बटण दाबतो, एक लेन्स पिळून काढतो, दुसरीवरचा पांढरा ठिपका बॉडीवरच्या पांढऱ्या ठिपक्याशी जुळवतो आणि पिळतो. खट्. अंतरपाट खाली येतो तेव्हा फोकस डोळ्यांवर असतो. कधी नसतोही.

तो ‘खट्’ कुणाचा? लेन्सचा म्हणावा, तर ती बॅगेत पडून असताना गप्प असते. बॉडीचा म्हणावा, तर तीही एकटी काही बोलत नाही. दोघांचा मिळून म्हणावं, तर ‘मिळून’ म्हणजे नक्की काय? प्रश्न पोरकट वाटेल, पण भारतातल्या तर्कशास्त्र्यांनी यावर हजार-दीड हजार वर्षं डोकी फोडून घेतली आहेत. दोन वस्तू जोडल्या गेल्या की त्या दोघींखेरीज ‘संबंध’ नावाची तिसरी गोष्ट जगात येते का? की तो आपल्या मनाचा खेळ?

व्हिडिओवाल्याला हा वाद ठाऊक असण्याचं कारण नाही. पण कॅमेरा घ्यायला दुकानात गेल्यावर तो जो प्रश्न विचारतो, तो याच घराण्यातला आहे: “माउंट कोणता घेऊ?”

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा जोडकामावर जगतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पुढं टेल्को. २००९मध्ये चाकणला फोक्सवॅगन सुरू झाली तोवर या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारी शेकडो वर्कशॉपं भोसरीपासून खेडपर्यंत पसरली होती. इथल्या माणसाला ‘फिट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भोकात पिन सैल बसते, सरकत बसते की ठोकून बसवावी लागते, हे त्याला बोटांनी कळतं. गो आणि नो-गो गेज हातात घेऊन त्यानं हजारो नग पास-नापास केलेले असतात. याच माणसांतले काही जण लग्नसराईत सुट्ट्या जुळवून ऑर्डरी घेतात, सराई संपली की मित्रांना गोळा करून शॉर्टफिल्म काढतात. पाळी, ऑर्डर आणि फिल्म यांची ओढाताण सांभाळता सांभाळता कॅमेऱ्याचे हप्ते फिटतात.

म्हणजे माउंट ही गोष्ट खरी समजायची तर याच पट्ट्यातल्या माणसाला. बॉडीच्या तोंडावर धातूची एक कडी, आत तीन-चार खाचा, काही सोनेरी टाचण्या. लेन्सच्या बुडाशी त्याला जुळणारी दुसरी कडी. एवढंच. पण या कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात सांभाळावं लागतं. जरा इकडं-तिकडं झालं की वाइड लेन्सवर दूरचा डोंगर धूसर येतो. हे अंतर प्रत्येक घराण्याचं वेगळं. निकॉनच्या एफचं ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफचं ४४, सोनीच्या ईचं १८, कॅननच्या आरएफचं २०, निकॉनच्या झेडचं १६, पॅनासॉनिक-ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५. सिनेमाच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर अरी कंपनीचा पीएल माउंट असतो, त्याचं ५२. जुन्या घराण्यांचे आकडे मोठे आहेत, कारण लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा मावायला हवा होता. आरसा गेला, अंतर आखडलं.

एक गंमत यातच आहे. समोरून पाहिलं तर कॅनन आणि सोनीची लेन्स प्रदक्षिणेच्या दिशेनं बसते. निकॉनची उलटी. वर्षानुवर्षं निकॉन वापरलेला माणूस उसना सोनी हातात घेतो तेव्हा मुहूर्ताच्या ऐन क्षणी त्याचा हात चुकीकडे वळतो. सव्यापसव्य म्हणतात ते हेच.

अंतर आखडल्यामुळं एक नवीच गोष्ट शक्य झाली. ४४ मिलिमीटरवाली जुनी ईएफ लेन्स १८ मिलिमीटरच्या सोनीवर लावायची तर मधे २६ मिलिमीटरची मोकळी जागा उरते. त्या जागेत कडी बसवा, झाला अडॅप्टर. उलट करता येत नाही. १८ मिलिमीटरची लेन्स ४४च्या बॉडीवर बसवायला तिला सेन्सरच्या दिशेनं आत ढकलावं लागेल, आणि तिथं जागाच नाही. नातं एका बाजूनं जुळतं, दुसऱ्या बाजूनं नाही. सोयरिकी जुळवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता तर्कशास्त्र्यांकडे. न्याय-वैशेषिक दर्शनानं जगातल्या संबंधांची दोन मोठी खाती पाडली. एक संयोग, दुसरा समवाय. जे दोन पदार्थ वेगवेगळे राहू शकतात आणि काही काळ एकत्र येतात, त्यांचा संयोग. त्याचा शेवट विभागात होतो. जे एकमेकांवाचून दाखवताच येत नाहीत, त्यांचा समवाय: धागे आणि वस्त्र, फूल आणि त्याचा रंग. चोवीस गुणांच्या यादीत या मंडळींनी संयोगाला स्वतंत्र जागा दिली. समवायाला तर त्यांनी थेट पदार्थांच्या पंगतीत बसवलं, द्रव्य-गुण-कर्म यांच्या मांडीला मांडी लावून. संबंध खरा आहे, तो मनाचा भास नाही, हे त्यांचं ठाम म्हणणं.

त्यांचे दाखले तर चाकणच्या वर्कशॉपातही चालावेत. ससाणा उडत येऊन खांबावर बसला तर हालचाल एकाचीच. हा एक प्रकार. दोन मेंढे धावत येऊन टकरले तर हालचाल दोघांची, हा दुसरा. तिसरा प्रकार मात्र बेरकी आहे. हात झाडाला टेकला, म्हणून शरीर झाडाला टेकलं. इथं संयोगातून संयोग जन्मला. लेन्स बॉडीवर चढते तेव्हा ससाणा खांबावर बसतो. अडॅप्टर लावला की तिसरा प्रकार: लेन्स अडॅप्टरला लागली आणि अडॅप्टर बॉडीला, म्हणून लेन्स बॉडीला लागली. ‘अडॅप्टरवर ऑटोफोकस कधी कधी अडखळतो’ ही व्हिडिओवाल्यांची कायमची तक्रार म्हणजे या उसन्या संयोगाचीच तक्रार.

नैयायिकांचं अजून एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे. वस्त्र हे धाग्यांचा ढीग नसून धाग्यांहून वेगळी, नवी वस्तू आहे. आणि त्यातला एक धागा जरी ओढून काढला तरी जुनं वस्त्र नष्ट होऊन नवं वस्त्र उत्पन्न होतं. हा हिशेब कॅमेऱ्याला लावला तर एका लग्नात सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत दहा कॅमेरे जन्मतात आणि दहा मरतात. हप्ता मात्र एकाच कॅमेऱ्याचा जातो.

या सगळ्याला आडवे गेले ते बौद्ध. आणि तेही याच पट्ट्याचे शेजारी आहेत. जुन्या महामार्गानं निगडी ओलांडली की देहूरोड लागतं. नागपूरच्या धर्मांतराच्या दोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की कार्ल्याची लेणी, आणि त्यातल्या खांबांवर दान दिलेल्या यवनांची नावं कोरलेली. अशाच एका यवनाला, मिलिंद राजाला, नागसेन भिक्खूनं रथाचा प्रश्न घातला होता अशी जुनी कथा आहे. रथ म्हणजे चाक का? नाही. आस? नाही. जू? नाही. सगळे मिळून? तेही नाही. मग राजा ज्यातून आला तो रथ कुठं आहे? ‘रथ’ हे या सगळ्यावर ठेवलेलं एक सोयीचं नाव, एवढंच उत्तर उरतं.

सातव्या शतकात धर्मकीर्तीनं या धारेला तर्काची पाती लावली. ‘संबंधपरीक्षा’ नावाच्या त्याच्या छोट्याशा ग्रंथाचा रोख असा: दोन वस्तू वेगळ्या असतील तर त्यांना जोडणारा संबंध ही तिसरी वस्तू झाली, मग त्या तिसरीला पहिलीशी जोडायला चौथी लागेल, चौथीला पाचवी. याला अनवस्था म्हणतात. आणि त्या दोन वस्तू मुळात एकच असतील, तर जोडायचं काय? म्हणून संबंध ही खरी वस्तू नाही, कल्पना आहे.

अनवस्था म्हणजे काय हे ज्याला पुस्तकातून कळलं नाही, त्यानं एखाद्या शॉर्टफिल्मवाल्याची बॅग उघडावी. जुनी रशियन एम४२ लेन्स, तिच्यावर ईएफचा अडॅप्टर, त्यावर ईएफचा ई अडॅप्टर, त्याच्यामागं बॉडी. प्रत्येक जोडात केसभर ढिलाई. तीन जोडांनंतर फोकस फिरवला की चित्रच डुलतं.

तरीही हातात कॅमेरा धरलेल्या माणसाला धर्मकीर्तीचं म्हणणं पचणं अवघड आहे. कारण इथं संबंधाला माप आहे, किंमत आहे आणि, सगळ्यात कठीण म्हणजे, मालक आहे.

१९८७ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षी कॅननने ईओएस ६५० आणला आणि त्याच्याबरोबर ईएफ माउंट. आधीचा एफडी माउंट बंद. ईएफमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यातली यांत्रिक कुरबूर संपली. लेन्सची मोटर लेन्समध्येच, बोलणं सगळं विजेच्या खुणांनी. तंत्र म्हणून निर्णय दूरदृष्टीचा होता, पुढच्या तीस वर्षांनी ते दाखवून दिलं. पण एफडी लेन्सांवर आयुष्याची कमाई घातलेल्या छायाचित्रकारांचं काय? एफडीचं अंतर ४२ मिलिमीटर, ईएफचं ४४. अवघे दोन मिलिमीटर, पण चुकीच्या बाजूला. साध्या कडीनं लेन्स जुळेना. मधे भिंग घालावं लागे आणि चित्राचा दर्जा घसरे. लेन्स तशीच होती, काच तशीच, फोटोग्राफरचा हात तसाच. गेला तो फक्त संबंध. नैयायिक इथं म्हणाला असता, “बघा, जो नाहीसा होऊ शकतो तो होताच की!”

निकॉननं उलट केलं. १९५९चा एफ माउंट त्यांनी कवटाळून ठेवला. आत बदल इतके साचले की कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर काय करेल याचे तक्ते पाठ करावे लागत, पण कडी तीच. २०१८मध्ये मात्र दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट काढले. सोनी त्याआधीच, २०१०मध्ये, ई माउंट घेऊन आली होती आणि पुढच्याच वर्षी तिनं त्याची मूलभूत माहिती इतर लेन्स कंपन्यांना खुली केली. हा माउंट मुळात छोट्या सेन्सरसाठी आखलेला, ४६.१ मिलिमीटर तोंडाचा; २०१३ साली त्याच तोंडातून फुल फ्रेम बसवला गेला. सिग्मा, टॅमरॉन यांच्या परवडणाऱ्या लेन्स ई माउंटवर आल्या आणि लग्नवाल्यांचा मोठा ओढा तिकडं वळला. कॅननचा आरएफ बराच काळ बाहेरच्यांच्या ऑटोफोकस लेन्सांना बंद राहिला. २०२४मध्ये सिग्मा-टॅमरॉनना दार किलकिलं झालं, तेही छोट्या सेन्सरच्या लेन्सांपुरतं. २०१८मध्येच लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एकत्र येऊन एल माउंटची युती जाहीर केली. राजकारणाचं पान वाचत असल्यासारखं वाटेल, आणि ते फारसं चूक नाही.

या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना परवाना म्हणजे काय हे वेगळ्या वाटेनं ठाऊक आहे. आकुर्डीतून व्हेस्पा स्कूटर निघायच्या त्या इटलीच्या पियाजिओशी झालेल्या करारावर. १९७१मध्ये करार संपला. स्कूटर तीच, कामगार तेच, व्हेस्पा हे नाव गेलं आणि चेतक आली.

कॅमेऱ्याशी नातं स्वतःच घडवण्याचा प्रयोग महाराष्ट्रानं फार आधी केला आहे. फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मात्र दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेराच घरी बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागली. लेन्स आणि पेटी यांच्यातलं अंतर त्यांना कुठल्या कंपनीच्या कागदावरून मिळालं नव्हतं. कानशीनं घासून, फिल्मवर तपासून ते ठरलं. बाबूरावांपुढं ‘माउंट कोणता घेऊ’ हा प्रश्न नव्हता. हेवा वाटावा अशी स्थिती, पण कुणी मागून घ्यावी अशी नाही.

दुसऱ्या टोकाला स्टॅन्ली कुब्रिक. ‘बॅरी लिंडन’ या १९७५च्या चित्रपटात त्याला मेणबत्तीच्या उजेडात चित्रण हवं होतं. झाइसनं नासासाठी केलेली ५० मिलिमीटर, एफ/०.७ची प्लॅनर लेन्स त्यानं मिळवली. अशा दहाच लेन्स बनल्या होत्या. तीन कुब्रिककडं आल्या. पण या लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ यावं लागे की कुठल्याही कॅमेऱ्यात ते मावेना. शेवटी एका मिचेल कॅमेऱ्याचं पोट तासून काढलं. त्यानंतर त्या कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स बसण्याची शक्यता संपली. काटेकोर नैयायिक याला समवाय म्हणणार नाही, लेन्स आणि पेटी अजून वेगळ्या दाखवता येतातच. पण संयोगाचा जो मुख्य गुण, पुन्हा सुटून दुसऱ्याशी जुळण्याची मोकळीक, तो पेटीनं कायमचा सोडला. इथं लग्नाचा दाखला आपसूक आठवतो. आठवू द्यावा, पण ताणू नये.

ताणू नये, कारण आळंदीकडं या प्रश्नाचं तिसरं उत्तर आहे आणि ते दाम्पत्यावरच उभं आहे. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चं पहिलं प्रकरण शिव आणि शक्ती यांच्या नात्याचं. तिथं दोघं आधी वेगळी आणि मग जोडलेली असं नाही, आणि दोघं म्हणजे नुसतं बोलण्यापुरतं असंही नाही. डोळे दोन असून दिसणं एकच, दिवे दोन असून उजेड एकच, या धर्तीचे दाखले एकामागून एक येतात. लेन्स आणि सेन्सर दोन, चित्र एक. चित्रातला कुठला भाग लेन्सचा आणि कुठला बॉडीचा हे कापून दाखवता येईल का? नवरीच्या डोळ्यांतली चमक कुणी आणली? ज्ञानेश्वरांच्या वाटेनं जायचं तर प्रश्न उलटा करावा लागतो: आधी दोन वस्तू आणि मग संबंध, असं न धरता आधी एक दिसणं, आणि त्यातून आपण वेगळे काढलेले दोन. वाचायला हे फार सुंदर आहे. पण अद्वैताचं माप दुकानातल्या बिलाला लागत नाही. तिथं बॉडीची ओळ वेगळी आणि लेन्सची वेगळी, आणि संबंधाची ओळ तर बिलात नसतेच. तो फुकट मिळाल्यासारखा वाटतो. पुढच्या पाच-सात वर्षांत त्याचे पैसे हळूहळू फिटतात, प्रत्येक नव्या लेन्सगणिक.

म्हणूनच ‘मी सोनी निवडली’ या वाक्यात ‘निवडली’ कितपत खरं, असं विचारावंसं वाटतं. इथं एका हॉलंडच्या भिंगवाल्याची आठवण काढणं भाग आहे. बारुख स्पिनोझाला १६५६मध्ये अॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजानं बहिष्कृत केलं. पोटासाठी तो भिंगं घासायचा, आणि ती इतकी चांगली घासायचा की हायगेन्ससारख्या शास्त्रज्ञानं त्यांची तारीफ केली. हा माणूस म्हणे की हवेत फेकलेल्या दगडाला मधेच जाणीव आली, तर त्यालाही वाटेल आपण आपल्या मर्जीनं उडतो आहोत. माणसाला आपली इच्छा दिसते, तिच्यामागची कारणं दिसत नाहीत. कॅमेरा घेणाऱ्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्यांदा ज्याच्या हाताखाली तो शिकला त्याच्याकडं कुठला कॅमेरा होता, गावात भाड्यानं काय मिळतं, सेकंडहँड लेन्स कुणाकडून आली, मोबाइलवर कुणाचे व्हिडिओ पाहिले. २००८मध्ये फाइव्ह-डी मार्क टू आल्यावर फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमा निघू लागला आणि ईएफ इतका पसरला की ब्लॅकमॅजिकसारख्या दुसऱ्या कंपन्यांनीही आपल्या सिने-कॅमेऱ्यांना ईएफचं तोंड दिलं. त्या काळात धंद्यात उतरलेल्याला कॅनन ‘निवडावा’ लागला नाही; तो वाऱ्यावर आला.

स्पिनोझा यावर हताश होत नाही. कारणं समजून घेणं, हीच त्याच्या लेखी मोकळीक. आणि माउंटच्या बाबतीत कारणं समजून घेणं बरंच शक्य आहे.

लग्नाच्या कामाची गरज अशी: अंधारलेला हॉल, हलणारी माणसं, दुसरा टेक नाही. तिथं ऑटोफोकस बिनचूक हवा, म्हणजे लेन्स आणि बॉडीनं एकमेकांशी त्यांच्या मातृभाषेत बोलायला हवं; दुभाष्या अडॅप्टर नको. जिम्बलवर लेन्स बदलली की तोल पुन्हा साधावा लागतो, म्हणून पुष्कळ जण दोन बॉड्या ठेवतात आणि मग दोन्ही एकाच माउंटच्या असाव्या लागतात. मित्राची लेन्स उसनी घेऊ, हा हिशेब इथं फसतो. ज्या दिवशी आपल्याला लेन्स हवी त्याच दिवशी मित्राचीही ऑर्डर असते, कारण पंचांग दोघांचं एकच.

फिल्मची गरज जवळजवळ उलटी. तिथं फोकस हातानं ओढायचा, टेक पाच-सहा घ्यायचे, आणि एखादी जुनी, किंचित धुरकट, कडेला रंग सांडणारी लेन्सच हवी असते. अंतर जितकं कमी, तितक्या जास्त घराण्यांच्या लेन्स त्यावर बसतात. मुंबईहून पीएल लेन्स भाड्यानं आणली तरी १८ किंवा १९ मिलिमीटरच्या बॉडीपुढं ५२चं अंतर भरून काढायला भरपूर जागा उरते. एकाच माणसाला शनिवारी घट्ट संबंध हवा आणि सोमवारी सैल. या ओढाताणीत सध्या बहुतेक जण छोट्या अंतराच्या, बाहेरच्या कंपन्यांना मोकळ्या माउंटकडं जातात, आणि ते शहाणपणाचं दिसतं. ज्याच्याकडं आधीच ईएफ लेन्सांचा संच आहे त्यानं तो फुंकून टाकायची मात्र घाई करू नये. कॅननचा स्वतःचा अडॅप्टर त्या लेन्स आरएफवर घरच्यासारख्या चालवतो.

इतकं करूनही बांधून घेणं उरतंच, आणि बांधून घेण्याविषयी या भूमीला बरंच कळतं. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी देहू सोडल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या संध्याकाळी कारखान्यांच्या भिंतींना लागून दिंड्या चालत असतात, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेली माणसं कंपनीच्या गेटसमोर चहा घेत असतात. माळ घातली की खाणंपिणं, एकादशी, वारी सगळं ठरलं. माळकऱ्याला आपली मोकळीक गेली असं वाटत नाही. उलट रोज नव्यानं ठरवण्याच्या कटकटीतून तो सुटलेला असतो. कॅमेऱ्याच्या दुकानांतही लोक गमतीनं म्हणतात तसं, अमका कॅननचा माळकरी, तमका सोनीचा. गंमत ठीक आहे. पण तुळशीच्या माळेचा नमुना पुढच्या वर्षी बदलत नाही, आणि जुनी माळ आता चालणार नाही असं पंढरपुराहून पत्रक येत नाही. ब्रँडच्या माळेचा धागा दुसऱ्याच्या हातात असतो. बंधनात वाईट काही नाही. ते कुणाच्या मर्जीवर टिकतं, हे बघून गळ्यात घालावं.

मर्जीवर न टिकणारा एक माउंट चाकणच्या कारखान्यांत रोज डोळ्यांसमोर असतो, फक्त त्याच्याकडं कुणी कॅमेरा म्हणून पाहत नाही. असेंब्ली लाइनवर बोल्ट बसला का, सील सरळ आहे का, कोड नीट उमटला का, हे तपासणारे छोटे चौकोनी कॅमेरे असतात. त्यांतल्या पुष्कळांवर सी माउंट असतो. एक इंच व्यासाचा साधा आटा, इंचाला ३२ फेरे, सेन्सरपर्यंत १७.५२६ मिलिमीटर. हा १९२०च्या दशकात बेल अँड हॉवेलच्या सोळा मिलिमीटर फिल्मी कॅमेऱ्यांबरोबर आला, पुढं बोलेक्सवर गेला, हौशी फिल्मवाल्यांच्या हातांत फिरला, मग टीव्हीच्या, पहाऱ्याच्या आणि तपासणीच्या कॅमेऱ्यांवर आला. फिल्म संपली, कंपन्या बदलल्या, आटा तोच राहिला. कुणीही त्याची लेन्स बनवू शकतो, कुणीही बॉडी. जुन्या बोलेक्सची लेन्स आजच्या मायक्रो फोर थर्ड्सवर लावून कोपरे काळवंडलेलं चित्र मिळवणारे फिल्मवाले आहेत, त्यांना ते कोपरेच आवडतात.

लाइनवरच्या त्या लेन्सला खट् आवाज नसतो. बसवणाऱ्यानं ती एकदा फिरवत फिरवत आवळली, फोकसच्या कडीवरचा बारीक स्क्रू घट्ट केला, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. तिच्यासमोरून पाळीभर नग जातात. पाळी सुटल्यावर बॅग घेऊन आळंदीच्या संध्याकाळच्या लग्नाला पोचलेला माणूस मात्र रात्री दहापर्यंत लेन्स कितीतरी वेळा काढ-घाल करतो. शेवटी पाठवणी उरकते. तो बटण दाबतो, लेन्स पिळून काढतो. बॉडीच्या उघड्या तोंडावर एक झाकण, लेन्सच्या बुडावर दुसरं, आणि दोघी बॅगेच्या वेगवेगळ्या कप्प्यांत. झाकणात अडकलेला हळदीचा एक पिवळा दाणा तो नखानं उडवतो. तोवर कार्यालयाची माणसं पंगतीची टेबलं घडी करून भिंतीला लावायला लागलेली असतात.